अंबर: समुद्रातून आलेले नाव

‘व्हेल माशाची उलटी जप्त, किंमत कोट्यवधी रुपये.’ कोकण किनाऱ्यावरून, मुंबई-ठाण्याकडून अशी बातमी अधूनमधून येतेच. ती वाचून बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: उलटीला एवढा भाव कशासाठी? त्या बातमीला जोडून आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी सहसा कुणी सांगत नाही. या पदार्थाचे जुने अरबी नाव आहे ‘अंबर’. आणि चारशे वर्षांपूर्वी मुघलांना दख्खनमध्ये दोन तपांहून अधिक काळ झुंजवणाऱ्या मलिक अंबरच्या नावातला अंबरही हाच.

‘मलिक’ ही पदवी आहे, सरदाराला मिळणारी. खरे नाव अंबर. आता एखाद्या माणसाचे नाव देवमाशाच्या पोटातल्या वस्तूवरून का ठेवले जावे? त्याचे उत्तर शोधताना अरबस्तानचे किनारे, बगदादचे बाजार, इजिप्तचा दरबार आणि शेवटी आपले खुलताबाद, एवढा मोठा पल्ला गाठावा लागतो.

आधी वस्तू समजून घेऊ

स्पर्म व्हेल हा खोल समुद्रात बुडी मारून माकूळ खाणारा प्राणी. माकुळाचे अंग मऊ असले तरी त्याची चोच टणक असते आणि ती पचत नाही. बऱ्याचशा चोची व्हेल ओकून टाकतो. काही मात्र आतड्यात जातात. तिथे त्यांच्याभोवती मेणासारखा स्राव साठत जातो आणि त्याचा गोळा तयार होतो. थोड्याच व्हेलमध्ये हे घडते. हा गोळा पुढे विष्ठेबरोबर बाहेर पडतो किंवा प्राणी मेल्यावर समुद्रात येतो, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘उलटी’ हा शब्द बातमीत रुळला असला तरी तो फारसा बरोबर नाही.

ताजा गोळा काळा, चिकट आणि शेणासारख्या वासाचा असतो. पाण्यापेक्षा हलका असल्याने तो तरंगत राहतो, आणि ऊन, खारे पाणी व हवा यांनी वर्षानुवर्षे बदलत जातो. रंग राखाडी होतो, वास गोडसर, मातकट आणि मंद. त्यातला अंब्रीन हा घटक हवेशी संयोग पावून सुगंधी द्रव्ये तयार करतो. अत्तरात तो चिमूटभर घातला की बाकीचे उडून जाणारे वास जास्त वेळ टिकतात. हिंगासारखेच हे: नुसता हुंगला तर नाक मुरडावे, पण योग्य जागी कणभर पडला की सगळ्या पदार्थाला उठाव येतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. स्पर्म व्हेल भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणून हा पदार्थ बाळगणे, विकणे, विकत घेणे आपल्याकडे गुन्हा ठरतो. किनाऱ्यावर असे काही सापडले तर वनखात्याला कळवावे.

अरबांनी त्याला इतके मोल का दिले?

अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या येमेनमध्ये, शिहर नावाचे बंदर आहे. तिथला अंबर सर्वांत उत्तम मानला जाई. दहाव्या शतकातला प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसूदी याने लिहून ठेवले आहे की त्या भागातले लोक चांदण्या रात्री उंटावर बसून किनारा धुंडाळत. उंटांना इतके शिकवलेले असे की वाळूत अंबर पडलेला आढळला की ते आपोआप गुडघे टेकत आणि स्वार खाली उतरून तो उचलून घेई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनही हा माल येई.

तो कुठून येतो हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. कुणी म्हणे समुद्राच्या तळाशी त्याचे झरे आहेत, कुणी म्हणे तो समुद्राचा फेस आहे, कुणी म्हणे जनावराचे शेण. अकराव्या शतकातला थोर वैद्य इब्न सीना झऱ्याच्या बाजूचा होता. अरबीत मात्र देवमाशालाही अंबर म्हणत. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या काळातल्या आठवणींच्या संग्रहात, अबू उबैदा यांच्या तुकडीची गोष्ट आहे. तीनशे माणसे, शिधा संपलेला, झाडाचा पाला खाण्याची वेळ आलेली, आणि अचानक किनाऱ्यावर ‘अंबर’ नावाचा अवाढव्य मासा पडलेला. त्यावर ती तुकडी कित्येक दिवस जगली. त्याची बरगडी उभी केली तर खालून उंटावरचा स्वार जाऊ शकला, असे त्यात सांगितले आहे.

पुढे कायद्याचाही प्रश्न आला. समुद्राने फेकलेल्या या वस्तूवर सरकारचा वाटा लागतो का? पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचे मत होते की ही समुद्राने किनाऱ्यावर लोटलेली चीज आहे, पुरलेले धन नव्हे. कायदेपंडितांना ज्यावर मत द्यावे लागले ती वस्तू किती किमती असेल, हे यावरून कळते. कस्तुरी आणि अंबर एकत्र करून ‘गालिया’ नावाचे अत्तर बने, ते खलिफांच्या आणि अमीर-उमरावांच्या अंगाला लागे. कवी प्रियेच्या काळ्या केसांना, गालावरच्या तिळाला अंबराची उपमा देत. म्हणजे अंबर म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तीन गोष्टी एकदम येत: सुगंध, काळसर रंग आणि भारी किंमत. माणसाला हे नाव देताना या तिन्ही गोष्टी उपयोगी पडल्या.

माणसाचे नाव अत्तराचे का?

जुन्या अरबी समाजात स्वतंत्र माणसाचे नाव लांबलचक असे. स्वतःचे नाव, मग ‘इब्न’ लावून बापाचे, आजोबाचे, पणजोबाचे. या पिढ्यांच्या साखळीला नसब म्हणतात. माणूस कोण हे त्याच्या नसबावरून ठरे. कुळ, टोळी, संरक्षण, सोयरीक सगळे त्यावर टांगलेले. आपल्याकडे नावापुढे बापाचे नाव येते, तिथे पाच-पाच पिढ्या येत.

गुलाम म्हणून विकत आणलेल्या मुलाला नसब नसे. त्याचा बाप कुठल्यातरी दूरच्या गावात राहिलेला, त्याची भाषा इथे कुणाला येत नाही. त्याला नवे नाव मिळे, आणि ते बहुधा मौल्यवान वस्तूंच्या यादीतून येई. याकूत म्हणजे माणिक. लुलू म्हणजे मोती. मर्जान म्हणजे पोवळे. जौहर म्हणजे रत्न. काफूर म्हणजे कापूर. रैहान म्हणजे सब्जासारखी सुवासिक वनस्पती. संदल म्हणजे चंदन. आणि अंबर. बापाच्या नावाची जागा रिकामी दिसू नये म्हणून ‘इब्न अब्दुल्ला’ असे लिहीत. अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास, म्हणजे कुणीही. जुन्या अरबी ग्रंथांत एखाद्याचे नाव ‘याकूत इब्न अब्दुल्ला’ असे दिसले तर जाणत्या वाचकाला लगेच अंदाज येतो की हा माणूस गुलामगिरीतून वर आलेला असणार.

ही नावे केवळ आफ्रिकेतून आणलेल्यांची होती असे नाही. याकूत अल्-हमवी हा प्रसिद्ध भूगोलकार बायझंटाईन मुलखातला, म्हणजे गोरा. मोसुलवर राज्य करणारा बद्रुद्दीन लुलू आर्मेनियन वंशाचा मानला जातो. फातिमी सेनापती जौहर, ज्याने 969 मध्ये कैरो वसवले, त्याला ‘सिसिलीचा’ असेच ओळखत. गुलामगिरी रंग पाहून होत नव्हती, पकडला कोण जातो यावर होत होती. नावे देताना मात्र रंग पाहिला जाई, हे पुढे दिसेलच.

‘पण ही तर सुंदर नावे आहेत. यात वाईट काय?’

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच वाचक फसतो. मोती, माणिक, हिरा ही नावे आपल्याकडेही लाडाने ठेवतात. मग अरबांनी ठेवली तर बिघडले कुठे?

बिघडले ते देणारा आणि घेणारा यांच्या नात्यात. आईबाप मुलीला मोती म्हणतात तेव्हा तिचे मोल पैशात करता येत नाही असे त्यांना म्हणायचे असते. बाजारातून आणलेल्या पोराला धनी मोती म्हणतो तेव्हा त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. नाव माल ठेवण्याच्या पेटीतून निघते. अंबर, कापूर, चंदन, माणिक, पोवळे आणि गुलाम, हा सगळा माल बहुतेक त्याच जहाजांतून, त्याच बंदरांतून, त्याच व्यापाऱ्यांच्या हातांतून येत होता.

कधी कधी नावात थट्टाही असे. इजिप्तवर दहाव्या शतकात प्रत्यक्ष सत्ता चालवणारा अबुल-मिस्क काफूर हा काळा माणूस होता. नाव मात्र पांढऱ्याशुभ्र कापराचे. ‘अबुल-मिस्क’ म्हणजे कस्तुरीचा बाप. कवी अल्-मुतनब्बी त्याच्या दरबारी गेला, त्याने या कस्तुरीवर सुंदर स्तुती रचली. हवे ते पद मिळाले नाही तेव्हा त्याच माणसाच्या काळ्या रंगावर आणि गुलामगिरीवर इतके जहरी काव्य लिहिले की ते हजार वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. काफूरने इजिप्त बावीसेक वर्षे नीट सांभाळले, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. हा मोठा अन्याय आहे.

खुद्द अशी नावे धारण करणाऱ्यांना ती कशी वाटत? एक दाखला आहे. चरित्रकार इब्न खल्लिकान सांगतो की भूगोलकार याकूत नावारूपाला आल्यावर स्वतःला याकूब म्हणवू लागला. याकूब हे एका जुन्या पैगंबराचे नाव, कुठल्याही स्वतंत्र माणसाच्या घरात ठेवले जाणारे. मराठीत लिहिले तर दोन नावांत एका अक्षराचा फरक, अरबीत दोन अक्षरांचा. एवढ्याशा फरकासाठी त्या विद्वानाने केलेली धडपड मला फार बोलकी वाटते. जगाने मात्र त्याला याकूतच ठेवले.

हबशच्या चापूचा अंबर कसा झाला?

1548 च्या सुमारास इथिओपियात, म्हणजे ज्याला आपल्याकडे हबश म्हणत त्या देशात, चापू नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात आला. लाल समुद्रावरच्या मोखा बंदरात तो 80 गिल्डरना विकला गेला. ही रक्कम आणि हे मूळ नाव आपल्याला कळते ते पीटर व्हान डेन ब्रूके या डच व्यापाऱ्यामुळे. त्याने 1617 मध्ये दख्खनमध्ये येऊन मलिक अंबरची भेट घेतली होती. तेव्हा तो सत्तरीच्या घरातला, निजामशाहीचा खरा कारभारी होता.

मधल्या काळात तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला. मीर कासिमने पोराची हुशारी ओळखली, त्याला लिहा-वाचायला आणि हिशेब करायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि नाव ठेवले अंबर. त्याच्या लेखी ते बहुधा कौतुकच होते. काळ्या वर्णाचा, गुणी, मोलाचा. आणि शेवटी त्याने या मोलाच्या पोराला विकलेच. घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान, जो स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम.

इथे दख्खनचे वेगळेपण लक्षात घ्यायला हवे. दख्खनच्या सुलतानांना लढवय्ये हवे होते आणि हबशी माणूस इथे शिपाई होई, धनी गेल्यावर पुष्कळदा मोकळा होई, स्वतःचे पथक उभारी. त्यांच्यापैकी कित्येकांची नावे त्याच यादीतली. विजापूरचा इब्राहिम रोझा हा मकबरा ज्याने उभारला त्याचे नाव मलिक संदल. विजापूरचाच इखलासखान मूळचा मलिक रैहान. जंजिऱ्याच्या सिद्द्यांतही अंबर आणि याकूत भेटतात. 1689 मध्ये इंग्रजांच्या मुंबईवर चाल करून आलेला तो सिद्दी याकूतखान. त्याही आधी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, देवगिरीवर चालून आलेला खिलजींचा सेनापती मलिक काफूर. मराठी मुलखाच्या इतिहासात ही नावे इतकी विखुरलेली आहेत की शाळेत ती पाठ करताना त्यांच्यामागे एक संबंध बाजारपेठ उभी आहे हे ध्यानातही येत नाही.

चंगेझखान वारला, त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढे 1600 मध्ये चांदबीबीच्या अंतानंतर अहमदनगर मुघलांनी घेतले, तेव्हा अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण परांड्याला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. गनिमी काव्याने मुघल फौजा हैराण केल्या. 1610 मध्ये खडकी हे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे भुयारी नळांनी पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. जमिनीच्या धाऱ्याची जी पद्धत त्याने लावली तिला मराठी मुलखात ‘मलिकंबरी’ म्हणत. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते. मुघल बादशहा जहांगीरचा त्याच्यावर इतका राग होता की अंबरच्या भाल्यावर लटकवलेल्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत असे चित्रच त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर 1626 मध्ये आपल्या मरणाने गेला.

आता नावाकडे पुन्हा या. एका धन्याने ठेवलेले अत्तराचे नाव, पण त्यावरून नहर ओळखली गेली आणि शेतसाऱ्याची पद्धत ओळखली गेली. विकत घेतलेल्या पोराच्या नावाला गावोगावच्या कुणब्याने ‘मलिकंबरी’ म्हणून तोंडात घोळवले, ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठी वाटते. आणि त्याच्या मुलांची नावे इतिहासात येतात ती फत्तेखान आणि चंगेझखान अशी. अत्तर नाही, रत्न नाही. दुसऱ्या मुलाचे नाव तर त्याच्या जुन्या धन्याचे, म्हणजे ज्याच्याकडे तो गुलाम म्हणून आला त्या हबशी पेशव्याचे.

अंबर म्हणजे आकाश ना?

मराठी वाचकाला हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. संस्कृत अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही. पीतांबर, दिगंबर त्यातूनच आले. त्या शब्दाचा अरबी अंबरशी काही संबंध नाही. अरबीत हा शब्द घशातून येणाऱ्या ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतो आणि लिहिताना त्यात ‘न’ असतो; ‘ब’च्या आधी तो ‘म’सारखा उच्चारला जातो. आपण अनुस्वार देऊन ‘अंबर’ लिहितो तेव्हा नेमके तेच करतो, म्हणून दोन परके शब्द मराठीत हुबेहूब सारखे दिसू लागले.

पन्हाळ्याच्या किल्ल्यावरचा अंबरखाना हा तिसराच प्रकार. ते धान्याचे कोठार, आणि शब्द फारसी ‘अंबार’ म्हणजे साठा, ढीग. इराकमधल्या अन्बार प्रांताचे नावही याच कोठाराच्या घराण्यातले. मात्र त्याच इराकमध्ये नजफ आणि दिवानिया भागात पिकणाऱ्या सुवासिक तांदळाला ‘अंबर’ म्हणतात, तो आपल्या सुगंधी अंबरवरून.

युरोपात गोंधळ आणखी वाढला. तिथे हा अरबी शब्द गेला आणि किनाऱ्यावर सापडणाऱ्या दुसऱ्याच एका वस्तूला, झाडाच्या डिंकाच्या पिवळ्या अश्मालाही चिकटला. दोन्ही समुद्रकाठी मिळतात, दोन्ही जळताना वास देतात. मग फ्रेंचांनी वेगळे करण्यासाठी देवमाशाच्या वस्तूला ‘करडा अंबर’ म्हणायला सुरुवात केली. पिवळ्या अश्माला अरबी-फारसीत वेगळाच शब्द आहे, कहरुबा. तेव्हा इंग्रजी मुलींचे ‘अँबर’ हे नाव आणि मलिक अंबरचे नाव शब्दाने एक, वस्तूने दोन.

आज हे नाव कुणी ठेवते का?

ठेवतात, पण बहुधा मुलींचे. फारसीत ‘अंबरीन’ म्हणजे अंबराच्या वासाची. फारसी-उर्दू कवितेत काळेभोर सुगंधी केस ‘अंबरीन’ असतात, आणि तिथून ते मुलीचे नाव झाले. भारत-पाकिस्तानातल्या मुस्लिम घरांत अंबरीन हे नाव सर्रास आढळते. तिथे ते आईबापांनी हौसेने ठेवलेले असते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर याकूत, जौहर, रैहान या नावांचाही तो जुना डाग बराचसा पुसला गेला, आणि ती आता कुणाच्याही घरात ऐकू येतात.

मग मलिक अंबरला चापू म्हणावे का?

काही जण असे सुचवतात. गुलामगिरीचे नाव टाकून द्यावे आणि माणसाला त्याच्या आईने दिलेल्या नावाने ओळखावे. भावना खरी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. चापू हे नाव पाठ्यपुस्तकात यायलाच हवे, कारण ते आले नाही तर मुलांना वाटते की हा माणूस बगदादमध्येच सुरू झाला.

तरीही नाव बदलू नये असे मला वाटते. याकूतने आपले नाव बदलायचा प्रयत्न केला. मलिक अंबरकडे सत्ता होती, फौज होती, नाव बदलायचे असते तर त्याला कोण अडवणार होते? त्याने अंबर हेच नाव शेवटपर्यंत वापरले. मित्र, शत्रू, मराठी कुळकर्णी, डच व्यापारी, सगळ्यांनी त्याला त्याच नावाने ओळखले. ते काढून टाकायचा हक्क आपल्याकडे नाही. आपण एवढे करू शकतो की खुलताबादला त्याच्या कबरीसमोर मुलांना घेऊन गेलो की नावाची दोन्ही टोके त्यांना सांगावीत: जन्माचे चापू, आणि मीर कासिमने दिलेले, पण चालवले ते त्याने स्वतः, अंबर.